एका डब्यातली खरी आणि खोटी

निवृत्त झाल्यापासून सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या सोसायटीत मला एकच प्रश्न विचारला जातो. कोणाच्या सासऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, कोणाच्या भावाचं तोंड वाकडं झालं, की घरातली बाई माझ्या दारात. "ताई, तुम्ही त्या लकव्याच्या औषधाच्या कामात होतात ना? कोणतं होतं ते? मिळेल का?" मी म्हणते, आधी मिळेल ती रिक्षा धरा आणि मोठ्या दवाखान्यात न्या, पहिल्या काही तासांतच काय ते हाती असतं. ती जाते. आठवड्याने तोच प्रश्न घेऊन परत येते. मग मी खरं उत्तर देते, की मी काय देत होते ते मला माहीत नव्हतं. तिला वाटतं, ताई लपवतायत.

लपवण्यासारखं काही नाही. सगळं सांगूनही ते मला नीट उमगलेलं नाही, एवढीच अडचण आहे.

माझी सगळी नोकरी सुरतच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नर्स म्हणून गेली. वॉर्डात असताना गोंधळ असा कधी नव्हता. ताप आहे, हे इंजेक्शन, उतरला. नाही उतरला, दुसरं. शेवटच्या वर्षांत गुडघे वॉर्डाला नको म्हणू लागले, तेव्हा मेंदूच्या डॉक्टर कृपाबेन यांनी मला त्यांच्या कामात मागून घेतलं. कारण साधं होतं. त्यांचे निम्मे रुग्ण गोडादरा, लिंबायतकडचे, खानदेशातून सांचे, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवायला आलेले, आणि मी धुळे जिल्ह्यातली. घरात गेल्यावर अहिराणीत बोलणारी कोणीतरी हवी होती.

काम काय होतं ते माझ्या भाषेत सांगते. केळीच्या बागेत ठिबकची नळी तुंबली, की अगदी शेवटची झाडं वाळतात, पण आजूबाजूची लगेच मरत नाहीत. माना टाकतात, तग धरून असतात. लकव्यात मेंदूचं असंच होतं. रक्ताची नळी तुंबते, मधला भाग जातो, भोवतालचा अर्धमेला होऊन वाट बघत असतो. त्या अर्धमेल्या भागाला एखाद्या वनस्पतीचा अर्क सांभाळून धरील का, हे कृपाबेनना पाहायचं होतं. नेहमीचे उपचार सगळ्यांना होतेच: गुठळीचं इंजेक्शन, रक्त पातळ ठेवायची गोळी, बी.पी.ची गोळी, व्यायाम. त्यावर ही तपकिरी कॅप्सूल. आत ब्राह्मी आणि आणखी दोन वनस्पती. ब्राह्मी म्हटल्यावर लोक हसत. केसाच्या तेलातली ना? मग डोक्यालाच लावू की, पोटात कशाला?

खरी पंचाईत पुढेच होती. निम्म्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये औषध होतं आणि निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नव्हतं. रंग तोच, वास तोच, आतली पूडसुद्धा तशीच कडवट. कोणाला कोणती मिळतेय हे रुग्णाला माहीत नाही, मला नाही, कृपाबेननाही नाही. कारण लकव्याच्या माणसाचं पहिल्या काही महिन्यांत बरंचसं आपोआप परत येतं. ज्यानं कबुतराचं रक्त चोळलं त्याला वाटतं कबुतरानं आलं, ज्यानं गावी जाऊन अंगारा लावला त्याला वाटतं अंगाऱ्यानं आलं. कॅप्सूलनं आलं असं आम्ही म्हणायचं, तर न दिलेल्या माणसांचं किती आलं हे ठाऊक हवं ना?

हे पटवून सही घेणं माझ्याकडे होतं. कतारगामच्या एका हिरेवाल्या काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेन, म्हणजे तुम्ही मला काहीच न देता बघणार, की मी कसा राहतो?" मी म्हणाले, कदाचित. ते म्हणाले, माझे तीन मुलगे तेच करतात. आणि सही केली. एकाने पहिल्याच दिवशी कॅप्सूल फोडून जिभेवर ठेवली आणि कडू लागली म्हणून ती खरी, असं सगळ्या गल्लीत सांगितलं. खरी मिळावी म्हणून नवस झाले. खोटी मिळालीय अशी तर जवळजवळ प्रत्येकाची खात्री होती, ज्याचा हात लवकर हलला तो सोडून.

अशात रामदासभाऊ आमच्याकडे आले. गोडादऱ्यात एका खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, ते सांचे चालवायचे. एका सकाळी धागा जोडताना डावा हात गळून पडला आणि ते सांच्याला टेकून खाली बसले. त्यांची बायको सुमनबाई शिंदखेड्याकडची, बोलण्यात पक्की. मी अहिराणीत बोलले तशी तिनं माझा हातच धरला. सही घेताना तिनं एकच विचारलं, नुकसान तर नाही ना? माझ्या माहितीत नाही, असं मी सांगितलं.

पुढच्याच महिन्यात त्याच इमारतीतले भगवानराव आले. दोघांच्या खोल्या एका गॅलरीत, भिंतीला भिंत. भगवानराव जालन्याकडचे, कापडाचे तागे टेम्पोत चढवायचं काम करायचे. जेवताना त्यांच्या तोंडातून घास ओघळला. त्यांची बायको शांताबाई त्यांना झोपवायला निघाली होती. सुमनबाईनं ते पाहिलं आणि ती ओरडली, झोपवू नको, रिक्षा बोलाव. तिच्यामुळे भगवानराव रामदासभाऊंपेक्षाही लवकर दवाखान्यात पोचले.

लवकर आले म्हणजे लवकर बरे व्हायला हवे होते. तसं झालं नाही. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. फक्त एक शब्द राहिला, "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, राग आला तरी बरं. आवाजावरून ओळखायचं. आणि शेजारी रामदासभाऊ महिन्या-दीड महिन्यात काठी न घेता पानाच्या टपरीपर्यंत जाऊ लागले. गॅलरीतल्या साऱ्यांनी निकाल देऊन टाकला. रामदासला खरी मिळाली, भगवानला खोटी.

मी घरी गेले की शांताबाई उंबऱ्यातच गाठायची. कॅप्सूलची बाटली बदलून द्या म्हणायची. मी सांगायची, माझ्या हातात नाही, मला माहीतच नाही. दोघांच्या मेंदूत गुठळी वेगळ्या जागी आहे, तुलना करू नका. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ताई, तुम्हाला माहीत नसंल. पर त्या बाटलीला तर माहीत आहे ना?" एकदा तर तिनं सांगून टाकलं, की आता हे सगळं बंद, त्यांना गावाकडं नेते.

पुढच्या भेटीला ती एकदम निवळलेली. बाटलीचा विषय नाही, गावाचा नाही. भगवानरावही जरा ताठ बसलेले. मला बरं वाटलं, आपलं समजावणं कामी आलं म्हणून. नेहमीप्रमाणे उरलेल्या कॅप्सूल मोजायला मागितल्या, तर शांताबाई शेजारच्या दारात गेली आणि सुमनबाईच्या देव्हाऱ्यासमोरचा स्टीलचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं. आत दोन्ही घरांच्या कॅप्सूल एकत्र ओतलेल्या होत्या.

मी डब्यात हात घातला. एक कॅप्सूल उचलली, दुसरी उचलली. माझी इतकी वर्षांची नर्सगिरी त्या दोन कॅप्सूल वेगळ्या ओळखू शकत नव्हती. कोणीच ओळखू शकलं नसतं.

सुमनबाई मागे येऊन उभी राहिली. तिला विचारलं, हे कोणी केलं? ती म्हणाली, मी. मग जराही न दबता म्हणाली, "तिना घरमा खोटी, मन्हा घरमा खरी, नि मझार एक भीत. मंग मी काय दार लाईसन गिळू?"

मध्ये एकच भिंत असताना दार लावून एकट्यानं गिळणं तिला जमलं नव्हतं. एका नळाचं पाणी भरणाऱ्या दोन बायका. दोघींच्या डब्यातलं एक व्हावं, दोघांना थोडं थोडं पोचावं, एवढाच तिचा हिशोब. मी रागवायला हवं होतं. रागवलेही असेन, पण आवाजात जोर नव्हता.

त्याच दुपारी मी कृपाबेनना सांगितलं. न सांगण्याचा प्रश्न नव्हता. चुकून कोणाला त्रास झाला असता तर? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी स्वतः येते.

त्या जिना चढून आल्या, सुमनबाईच्या खाटेवर बसल्या आणि गुजराती, हिंदी, मोडकं मराठी असं सगळं मिसळून समजावू लागल्या. आता दोघांनाही या कामातून बाहेर काढावं लागेल. कॅप्सूल परत घ्याव्या लागतील. बाकीची औषधं चालू ठेवायची, ती एक दिवसही चुकवायची नाहीत. हे शेवटचं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या, मीही अहिराणीत म्हणाले. पण सुमनबाईचं लक्ष पुढ्यातल्या डब्यावर होतं.

"पण यामा खरी कोणती शे?" तिनं विचारलं.

कृपाबेन म्हणाल्या, "अमने पण नथी खबर, बेन."

"तुमले बी माहीत नही?"

"नाही. ही उपयोगाची आहे का, हेच माहीत नाही. माहीत नाही म्हणून तर बघतोय."

सुमनबाई माझ्याकडे वळली, जणू डॉक्टरीणबाई काहीतरी चुकीचं बोलल्या आणि मी ते सुधारावं. मी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग म्हणावं तर राग नव्हता. इतके दिवस तिनं आपल्या नवऱ्याच्या वाट्याचं काढून शेजारणीला दिलं होतं, आणि आता डॉक्टर म्हणत होती की ते काही होतं की नव्हतं, हेच आपल्याला माहीत नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. चहा विचारला नाही. त्या घरात असं पहिल्यांदा झालं.

डबा घेऊन जिना उतरताना कृपाबेन स्वतःशीच म्हणाल्या, आपण त्यांना सगळं समजावलं होतं ना? मी हो म्हणाले. सहीच्या वेळी एक एक वाक्य समजावलं होतं. तिला समजलंही होतं. तरी आमच्या समजण्यात आणि तिच्या समजण्यात ती मधली भिंत कुठून आली, ते तेव्हा कळलं नाही. आजही पुरतं कळलेलं नाही.

त्यानंतरही मी जात राहिले, नुसतं बी.पी. मोजायला. शांताबाई दार उघडायची. सुमनबाई कधी उघडायची, कधी आतूनच सगळं ठीक असल्याचं सांगायची. जे मला उशिरा कळलं ते असं: रामदासभाऊंनी सगळ्याच गोळ्या सोडल्या होत्या. त्यांचं म्हणणं, खरं औषध तर घेऊन गेले, मग हे चणे-फुटाणे कशाला चावायचे? हात चालतोय, पाय चालतोय. ते परत खात्यात जाण्याच्या गोष्टी करत होते.

एका दुपारी ते गॅलरीत खुर्चीवरून कोसळले. बायका खाली नळावर होत्या. वर फक्त भगवानराव, भिंतीला टेकून बसलेले. त्यांनी पाहिलं आणि ओरडायला सुरुवात केली. पण ओरडणार काय? "बरं, बरं, बरं." खालच्या बायकांनी ऐकलं, पण त्या शब्दाची सगळ्यांना सवय झालेली. कोणी वर पाहिलं नाही. शांताबाईनं मात्र हातातली कळशी टाकली आणि जिन्याकडे धावली. नंतर तिनं मला सांगितलं, शब्द तोच होता, पण असा आवाज तिनं लग्नापासून ऐकला नव्हता.

रामदासभाऊ वाचले. पण दुसरा झटका मोठा होता. परत आलेला हात पुन्हा गेला, पाय ओढत चालावं लागलं, आणि उगाचच रडू येऊ लागलं. कृपाबेननी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं की बी.पी.ची गोळी सोडल्यानं हे झालं, कॅप्सूल बंद झाल्यानं नाही. ते खरंच असेल. पण गोळी का सोडली? कॅप्सूल नेली म्हणून. कॅप्सूल का नेली? मी सांगितलं म्हणून. मी का सांगितलं? सांगणं भाग होतं म्हणून. मी ही दोरी पुष्कळदा मागे ओढून पाहिली आहे, ती कुठेच तुटत नाही आणि कुठे बांधलेली आहे तेही दिसत नाही.

आणि याच महिन्यांत भगवानराव बोलायला लागले. कॅप्सूल बंद झाल्यावर. शांताबाई रोज भाजी निवडताना एक एक भाजी त्यांच्यासमोर धरायची आणि नाव घ्यायला लावायची. आधी "गवार" आलं, मग "पाणी," मग तिचं नाव. मी गेले तेव्हा त्यांनी मला "ताई" म्हटलं आणि दोघंही नवरा-बायको माझ्याकडे असे बघत राहिले, की आता मी शाबासकी द्यावी. मी दिली. पण आत विचार चालूच होता. हे औषधामुळे, भाजीमुळे, की ज्याचं त्याचं वेळ झाल्यावर येतं तसं?

गॅलरीनं मात्र आपला निकाल बदलला नाही, नुसता पुढे नेला. सुमननं आपल्या माणसाची खरी दवा वाटून टाकली, म्हणून शांताचा माणूस बोलला आणि सुमनचा पडला. हे कोणी शांताबाईला तोंडावर म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. ती वाळत चालली. सुमनबाईच्या घरचं झाडलोट, रामदासभाऊंचे कपडे, सगळं ती करायची, पण सुमनबाईसमोर बसून घास गिळायची नाही. नवरा बोलायला लागला याचा आनंद तिनं दार लावून केला असेल तर असेल, बाहेर दिसू दिला नाही.

मग ते काम आटोपलं. पुरेशी माणसं मिळाली नाहीत, काही मधूनच गावी गेली, काहींनी काय काय केलं ते तुम्ही वाचलंच. ठोस म्हणावं असं काही निघालं नाही. औषध चांगलं की निरुपयोगी, आमच्या माणसांवरून सांगता येत नाही, असं कृपाबेननी आम्हाला सांगितलं. ज्यांना आपली कॅप्सूल कोणती होती ते जाणून घ्यायचं असेल, त्यांना आता सांगायला हरकत नाही, असंही त्या म्हणाल्या. मी विचारलं, गोडादऱ्याच्या त्या दोघांचं काय? त्यांनी पाहून सांगितलं. रामदासभाऊंची बाटली बिनऔषधाची होती. औषध भगवानरावांच्या बाटलीत होतं.

मी दोनदा विचारून घेतलं.

म्हणजे सुमनबाईनं शेजारणीला दिलं ते रिकामं, आणि जे काही असेल-नसेल ते शांताबाईच्या घरातून तिच्या घरात आलं. नुकसान झालं असेल तर ते भगवानरावांचं. तेही झालं का, कोणास ठाऊक. ऐकल्यावर मला पहिल्यांदा शांताबाई आठवली. तिच्या छातीवरचा एवढा मोठा धोंडा एका वाक्यात उतरणार होता.

दुसऱ्या दिवशी मी गोडादऱ्यात गेले. शांताबाई घरात एकटीच होती, भगवानराव खाली बसले होते. मी तिला सांगितलं. तिला आधी समजलं नाही, म्हणून हाताने दाखवलं, ही तुमची बाटली, ही त्यांची. समजल्यावर तिनं पदर तोंडावर घेतला. मोकळी झाली, ते दिसत होतं. मी उठले आणि म्हणाले, आता सुमनबाईलाही सांगते.

तिनं माझा हात धरला. "तिला नका सांगू, ताई."

मी म्हणाले, तिचा हक्क आहे. आणि तुमच्यावरचा ठपकाही जाईल.

"ऱ्हाऊ द्या ठपका. तिचा माणूस तसा पडलाय. आपण लोकाला वाटून खाल्लं, एवढंच तिच्याजवळ ऱ्हायलंय. ते बी नेता का?"

मी हात सोडवून घेतला. शेजारच्या दारात गेले तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं. नोकरीत मला शिकवलं होतं की रुग्णापासून लपवायचं नाही. सुमनबाईनं विचारलं तर सांगायचंच, एवढं मनाशी धरलं. तिनं या वेळी चहा टाकला. रामदासभाऊ खाटेवर पडून छताकडे बघत होते. मी म्हणाले, सुमनबाई, ते काम संपलं. आता तुम्हाला हवं असेल तर कळू शकतं, बाटली कोणाची कशी होती.

चहा गाळता गाळता तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "माले काय विचारनं? माले माहीत शे. खरी आमनीच व्हती." मग भिंतीवर हात आपटून तिनं शांताबाईला हाक मारली, चहाला ये म्हणून.

शांताबाई आली आणि उंबऱ्याशी बसली. सुमनबाईनं तिला कप दिला, मला दिला, आणि डब्याची ती सगळी हकीगत मला जणू पहिल्यांदाच सांगायला लागली. कशी तिनं झाकण उघडलं, कशा दोन्ही बाटल्या ओतल्या, नवरा कसा नको म्हणाला. सांगून झाल्यावर ती शांताबाईकडे वळली. तिच्या तोंडाकडे बघू लागली.

शांताबाईनं कप खाली ठेवला. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "व्हय ताई. हिनं दिली म्हणून माझा माणूस बोलला."

सुमनबाईचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. तिनं पातेल्यातला उरलेला चहा शांताबाईच्या कपात ओतला आणि म्हणाली, पी आता, थंड नको करू. शांताबाईनं कप उचलला आणि तिच्यासमोर बसून सगळा प्याली.